तोल दरीकडे

कंपनी ऑफिसच्या बोर्डावर यादी लागली तेव्हा जानेवारीचा पहिला आठवडा होता. साल दोन हजार सहा. आमची ब्रिटिश फौजेची बॅरक यॉर्कशरमध्ये. यादीवर लिहिलं होतं, विंटर पेट्रोल कोर्स, स्कॉटलंड, सहा आठवडे, स्कीवर. खाली चार नावं. तिसरं माझं, प्रायव्हेट शेलार, म्हणजे साधा शिपाई. चौथं प्रायव्हेट सेरू.

मी सरळ आत गेलो. क्लार्कला म्हटलं, काहीतरी गफलत झालीय, मला स्कीइंग येत नाही. तो मान वर न करता म्हणाला, "फिटनेस टेस्टमधले पहिले चार पाठवायचेत. तू तिसरा आलास." घ्या! आयुष्यात पहिल्यांदा नंबरात आलो आणि त्याची ही शिक्षा.

माझी ओळख थोडक्यात सांगतो. गाव कोरेगाव तालुक्यातलं, जिल्हा सातारा. वडील आपल्या फौजेत हवालदार होते. मी लंडनला हॉटेल मॅनेजमेंट शिकायला आलो आणि एजवेअरच्या एका रेस्टॉरंटमध्ये कांदे चिरत राहिलो. तेव्हा इथल्या फौजेत कॉमनवेल्थमधले जवान घेत होते. गेलो, धावलो, भरती झालो. वडिलांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "कुणाचंही मीठ खा, पण खाल्लंस की इमानानं खा. आणि बूट चकाचक ठेव." परत त्यांनी तो विषय काढला नाही.

सेरू फिजीचा. सव्वासहा फूट उंची, मान माझ्या मांडीएवढी, आवाज देवळातल्या घंटेसारखा. रविवारी चर्चमध्ये गायचा आणि सोमवारी रग्बीत लोकांना आडवं करायचा. आम्ही एकाच खोलीत राहायचो. माझ्या आईने पाठवलेलं मेतकूट तो ब्रेडवर पसरून खायचा. डोंगरावरचा बर्फ दोघांनीही पाहिलेला नव्हता. उरलेले दोघं, हॅरी आणि टॉम, इंग्लिश. लहानपणी शाळेच्या ट्रिपला स्कीइंग करून आलेले. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि ते हसले. त्यांचं काही चुकलं नाही.

केर्नगॉर्म डोंगराच्या पायथ्याला आम्ही पोचलो तेव्हा सार्जंट म्यूर आमची वाट पाहत उभा होता. बुटका, किडकिडीत, वय तिशीच्या पुढे, ओठ फुटलेले. तो त्याच खोऱ्यातला. त्याचे वडील तिथल्या स्की लिफ्टवर मेकॅनिक होते, त्यामुळे चालायला लागायच्या आधीच पोराच्या पायात स्की होती, असं तिथले लोक सांगायचे. मला वाटलं, हा काय शिकवणार? एका हाताने उचलून बाजूला ठेवला असता सेरूने त्याला.

पहिल्या सकाळी त्याने आम्हाला एका उतारावर खाली उभं केलं. स्वतः वर गेला. खिशातून लोकरीची टोपी काढली, ती डोळ्यांवरून हनुवटीपर्यंत ओढली आणि निघाला. डोळे झाकून. आणि येताना पायाखाली काय लागतंय ते मोठ्याने बोलत होता. "पापुद्रा. पापुद्रा. मऊ. वाऱ्यानं दाबलेला. आता बर्फ, टणक." त्या टणक पट्ट्यावर स्कीच्या धारेचा आवाज आला, खर्रर्र, सुरीने खरवस कापावा तितका सहज तो वळला आणि बरोबर आमच्यापुढे येऊन थांबला. टोपी वर केली. म्हणाला, "डोळ्यांना विचारू नका. इथं अर्धे दिवस डोळे कामाचे नसतात. तळव्याला विचारा." हॅरी आणि टॉमचंही हसू गेलं. माझ्या अंगावर काटा आला. माणसाच्या पायात एवढी अक्कल असू शकते हे मला माहीत नव्हतं.

त्या दिवशी मी किती वेळा पडलो ते मी मोजलं नाही. सेरूने मोजलं. एकेचाळीस. तो स्वतः एकदाच पडला, पण पडला तो थेट कुंपणातून आरपार गेला.

स्कीवर तोल म्हणजे काय हे सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तीव्र उतारावर आडवं उभं राहिलं की अंग आपोआप डोंगराकडे झुकतं. भीती वाटली की माणूस जवळचं काहीतरी धरायला बघतो, आणि डोंगर जवळ असतो. पण डोंगराकडे झुकलं की खालच्या स्कीवरचा भार जातो, तिची धार बर्फातून सुटते आणि पाय निसटतात. म्हणून करायचं उलटं. छाती दरीकडे. हात पुढे. सगळा भार खालच्या स्कीवर. ज्या बाजूला पडायची भीती, त्याच बाजूला झुकायचं. म्यूर दिवसातून शंभर वेळा एकच शब्द ओरडायचा, "व्हॅली!" म्हणजे दरीकडे बघ. मला झोपेतही ऐकू यायचं. डोक्याला पटलं होतं पहिल्याच दिवशी. अंगाला पटायला महिना गेला, नाकी नऊ आले.

पाचव्या आठवड्यापर्यंत आम्ही बरे झालो होतो. म्हणजे सेरू बरा झाला होता. मी पडत कमी होतो, इतकंच.

या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. मागच्या वर्षी लंडनमध्ये पिनरला एका डॉक्टरांकडे जेवायला गेलो होतो. ते सहकुटुंब आल्प्सला स्कीइंग करून आले होते. फोटो दाखवले, फोंड्यू खाल्लं ते सांगितलं. मी स्की केलीय हे बायकोने सांगून टाकलं. त्यांची मुलगी, इथेच जन्मलेली, मला म्हणाली, "काका, यू मीन ऑफ-पिस्ट?" म्हणजे आखलेल्या वाटा सोडून. "तुम्हाला भीती वाटला का?" मी म्हटलं, "वाटला बाई. खूप वाटला." सगळे हसले. डॉक्टर म्हणाले, अहो शेलार, हे लिहून ठेवा कुठेतरी. म्हणून लिहितोय. टेबलावर सांगण्यासारखं नव्हतं ते.

गुरुवार होता. फेब्रुवारी संपत आला होता. ०७१५ला निघालो. पाच जण. स्कीच्या तळाला स्किन लावल्या होत्या. या पट्ट्या लावल्या की स्की पुढे जाते, पण मागे घसरत नाही. चढायला तेच लागतं. १०३०ला पठारावर पोचलो. आमच्या कासचं पठार डोळ्यांपुढे आणा. वर सपाट, कडेला सरळ कडा. फरक इतकाच की इथे कडा कुठे सुरू होतो ते दिसत नाही. हवा खराब झाली आणि १०५० पर्यंत आकाश आणि जमीन एक झाली. व्हाइटआउट. दुधाच्या पातेल्यात माशी पडावी तसे आम्ही. आपण चाललोय की उभे आहोत हेही कळत नव्हतं.

अशा हवेत चालायची एक पद्धत आहे. सगळ्यात पुढे एक जण. त्याच्या मागे पाच-सहा पावलांवर कंपासवाला. पुढच्याच्या पाठीवर कंपास धरायचा आणि ओरडायचं, "डावीकडे. थोडं उजवीकडे. सरळ." आपण किती आलो ते कंपासवाला पावलं मोजून ठरवतो. पुढचा माणूस दर थोड्या वेळाने बर्फाचा गोळा करून समोर फेकतो. गोळा पडलेला दिसला तर पुढे जमीन आहे. नाहीसा झाला तर थांबायचं.

पुढे सेरू. मागे कंपासवर मी. मग हॅरी, टॉम. शेवटी म्यूर. सहाशे मीटर सरळ जाऊन उजवीकडे वळायचं होतं, कारण पुढे कडा होता. पावलं मोजण्यात मी पक्का होतो. पायी पेट्रोलला कंपनीत माझ्याइतका अचूक कोणी नव्हता, आणि ती मला मिरवायची खोड होती. सकाळी चढावर मी दोरी टाकून मोजलं होतं, शंभर मीटरला सत्तर, फक्त डावं पाऊल मोजून. तोच आकडा धरून निघालो.

चूक तिथे झाली. सत्तर हा आकडा चढावरचा, स्किन लावून ओढत चालल्याचा. वर आल्यावर आम्ही स्किन काढल्या होत्या, आणि पठाराला अगदी हलका उतार होता, डोळ्यांना न दिसणारा. प्रत्येक पावलाला स्की वीतभर जास्त घसरत होती. वीत म्हणजे काय? काहीच नाही. चारशे पावलांना मात्र खूप. मी तीनशे नव्वदला होतो, कागदावर साडेपाचशे मीटर. प्रत्यक्षात आम्ही सहाशे कधीच ओलांडले होते.

सेरूने गोळा फेकला. गोळा पडला, दिसला. मी ओरडलो, "सरळ." तो सरळ गेला.

गोळा पडला होता तो कॉर्निसवर. छपराची वळचण भिंतीच्या बाहेर यावी तसा वारा कड्याच्या बाहेर बर्फ साठवतो, खाली काही नसतं. धप्प असा आवाज झाला. पोतं पडल्याचा असतो तसा. सेरू माझ्यापुढे होता आणि मग नव्हता. माझ्या स्कीच्या टोकापासून हातभर अंतरावर जमीन संपली होती. खालून घरघर आली, लांबत गेली आणि थांबली.

वेळ ११४०. मी घड्याळ पाहिलं. शिकवलेलंच तसं होतं.

म्यूर आला. पोटावर झोपून कडेपर्यंत सरकला. वाऱ्याने ढग जरा फाटला आणि त्याला खाली दिसलं. एक घळ, दोन्ही बाजूंना काळा खडक, मध्ये आमच्या बॅरकच्या कॉरिडॉरइतकी रुंद, सरळ खाली. कॉर्निसने पडताना घळीतला सगळा सैल बर्फ ओढून नेला होता. तळाशी पांढऱ्या ढेकळांचा ढीग. सेरू कुठेच नव्हता.

"झीरो, धिस इज टू-वन. अ‍ॅव्हलांच. वन मॅन बरीड. ग्रिड टू फॉलो. वेट, आउट." म्यूरने रेडिओवर हे सगळं एका श्वासात सांगितलं: हिमस्खलन, एक माणूस गाडला गेलाय, जागेचा नकाशावरचा आकडा मागाहून. मग रेडिओ हॅरीच्या हातात. "तुम्ही दोघं इथून हलायचं नाही. ग्रिड दे. हेलिकॉप्टर माग."

पुरलेल्या माणसाला पंधरा मिनिटांच्या आत काढायचा, हे आम्हाला पाठ होतं. वळसा घालून खाली जायला चाळीस मिनिटं. घळीतून चार.

म्यूरने माझ्याकडे बोट केलं. "तू. फावडं आणि रॉड घे. माझ्यामागे."

चौघांत सगळ्यात कच्चा मी. पुढे एकदा विचारलं होतं त्याला, मलाच का? म्हणाला, "यू वुड डिग हार्डेस्ट." तेव्हा मात्र विचारलं नाही. मी त्याला सांगायला तोंड उघडलं, "सार्ज, माझी मोजणी—" तो म्हणाला, "नंतर." चढताना सुट्या ठेवलेल्या टाचा त्याने स्कीला लॉक केल्या. "जिथं माझी स्की तिथं तुझी. माझी पाठ बघ. दुसरं काही बघू नकोस."

आणि त्याने उडी मारली.

तुटलेल्या कॉर्निसची कड पुरुषभर उंच होती. तो तिच्यावरून हवेत गेला आणि खालच्या उतारावर आडवा उतरला. तो उतार जिन्यापेक्षा कितीतरी खडा, आणि सगळं सैल निघून गेल्यामुळे फरशीसारखा टणक. दोन्ही धारा एकदम बसल्या. कट्! एवढाच आवाज. तो हलला नाही. मग त्याने स्की किंचित सपाट केल्या आणि आडवाच खाली घसरत गेला, पुसून काढल्यासारखा, मागे एक पट्टा ठेवत. तो पट्टा माझ्यासाठी होता. माणूस खाली मरत होता आणि हा माझ्यासाठी वाट करत चालला होता.

मी देवाचं नाव घेतलं आणि बसून, घसरून, कसातरी कडेवरून उतरलो. माझ्या धारा बसल्या. उभा राहिलो. एक हात डोंगराला लागत होता, इतका खडा. दुसऱ्या हाताखाली काहीच नव्हतं.

म्यूरने पाठ माझ्याकडे केली. वाट अरुंद झाली होती, आडवं घसरायला जागा नव्हती. त्याने हातातला पोल खाली टेकवला, दोन्ही स्की घेऊन उडाला, हवेतच वळला आणि उलट दिशेला तोंड करून उतरला. कट्. पुन्हा. कट्. दर वेळी तेवढीच उंची, तेवढीच जागा. खांदे हलत नव्हते. छाती दरीकडे, हात पुढे. कमरेखालचा माणूस वेगळा आणि वरचा वेगळा वाटत होता. मी त्या क्षणी सेरूला विसरलो, हे मला कबूल केलं पाहिजे. मी नुसता बघत राहिलो. असं काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतर पाहिलं नाही.

पहिलं वळण मला जमलं. दुसरं जमलं. तिसऱ्याला मी घाबरलो, डोंगराकडे झुकलो, आणि धार सुटली. गेलो. तीन मीटर, चार मीटर, नखं बर्फात रुतवायला बघतोय आणि बर्फ नखं घेत नाही. खालून आवाज आला. ओरडणं नव्हतं. जेवायला बोलवावं इतका साधा.

"शेलार. व्हॅली."

मी बर्फाकडची मान वळवली आणि खाली पाहिलं. सगळं पाहिलं. दोनशे मीटर खोल, ढेकळं, काळा खडक, आणि मधोमध त्याचं तोंड. छाती तिकडे टाकली. कड्यावरून कोणी स्वतःला ढकलून द्यावं तशी टाकली. आणि धार बसली. मी थांबलो. डोंगराने मला धरलं म्हणा, मी डोंगराला सोडलं म्हणून. पायाखाली धार होती आणि ती धरून होती. मी रडत होतो हे मला नंतर कळलं, गालांवर बर्फ झाला तेव्हा.

"गुड," म्यूर म्हणाला. "आता तुझं तू ये." आणि त्याने स्कीची टोकं सरळ खाली केली. घळीचा उरलेला अर्धा भाग, वळण न घेता. काळी रेघ ओढावी तसा गेला. तळाच्या ढेकळांपाशी त्याचा वेग किती असेल देव जाणे. एक मोठं वळण, बर्फाचा फवारा आणि तो थांबला होता. थांबता थांबता छातीवरचा बिपर हातात होता. पुरलेल्याच्या बिपरचा आवाज त्यात ऐकू येतो, जवळ जावं तसा मोठा.

मी पोचलो तेव्हा ११४८ झाले होते. तो आपला रॉड बर्फात खुपसून चाचपत होता. एकदा खडक. एकदा खडक. मग रॉड थांबला, पण वेगळ्या तऱ्हेने. मऊ. "इथं." आम्ही खणायला लागलो. पडलेला बर्फ सिमेंटसारखा बसतो. मी किती जोरात खणत होतो हे मला आठवत नाही. फावड्याचा दांडा पिरगळला होता हे नंतर पाहिलं. तोंडाने मी एकच घोकत होतो, मराठीत, "माझ्यामुळे, माझ्यामुळे." म्यूरला कळायचा प्रश्नच नव्हता. आधी हेल्मेट दिसलं. मग तोंड. निळं.

११५३. श्वास नव्हता.

म्यूरने तोंडात बोटं घालून बर्फ काढला, ओठांवर ओठ ठेवले आणि फुंकलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा. एवढा थोरला देह, छाती बर्फात जखडलेली, हलेचना. मी छातीवरचा बर्फ हातांनी ओरबाडून काढला. चौथ्यांदा सेरू खोकला. मग ओकला. मग डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं, म्यूरला ओळखलं आणि म्हणाला, "सॉरी, सार्ज. माझा एक पोल गेला."

कोर्सच्या सामानावर सह्या केलेल्या होत्या ना आम्ही. म्यूर बर्फात मागे बसला आणि हसायला लागला. थांबेना. काळ आला होता पण वेळ आली नव्हती म्हणतात, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

१३०५ला हेलिकॉप्टर आलं. सेरूच्या तीन फासळ्या आणि एक खांदा मोडला होता. हॅरी आणि टॉमला दुसऱ्या टीमने खाली आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्यूरपुढे अटेन्शनमध्ये उभा राहिलो. "सार्ज, मोजणी माझी चुकली. चढावरचा आकडा धरला." तो रिपोर्ट लिहून बसला होता. कागद माझ्याकडे फिरवला. त्यात होतं: नॅव्हिगेशनची चूक, जबाबदारी इन्स्ट्रक्टरची. खाली त्याची सही. मी म्हटलं, "हे खरं नाही, सार्ज." म्हणाला, "रिपोर्ट गेला. जा, स्कीला वॅक्स लाव." मी गेलो. मला वाटलं, किती मोठ्या मनाचा माणूस, माझी कातडी वाचवतोय. त्या उपकाराखाली मी आणखीच वाकलो. सेरूला हॉस्पिटलमध्ये सगळं सांगितलं. तो म्हणाला, "गोळा तर मी फेकला होता ना? मग झालं." त्याचं झालं असेल. माझं झालं नव्हतं. जिन्याने उतरतानासुद्धा पायऱ्या मोजल्या जायच्या.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात सार्जंट म्यूर अफगाणिस्तानात, हेलमंडमध्ये मारला गेला. रस्त्यात पुरलेला बॉम्ब. रस्ता सपाट होता. त्याच्यामागून चालणारे तिघे वाचले.

त्याच्या गावात दफन झालं. सेरू आणि मी दोघंही शवपेटीला खांदा द्यायला होतो, उंचीत फरक म्हणून मी पुढे, तो मागे. चर्चमध्ये सेरू गायला. त्याच्या भाषेतलं भजन, एकट्याने, ऑर्गनशिवाय. पहिल्या बाकावरची म्हातारी माणसं भाषा न कळता रडत होती.

नंतर हॉलमध्ये चहा आणि सँडविच. म्यूरचे वडील कोपऱ्यात उभे होते. मुलासारखेच बुटके, हाताला ग्रीसचे कायमचे डाग. मी ठरवून गेलो होतो. आज नाही तर कधीच नाही. पुढे झालो आणि म्हटलं, "मिस्टर म्यूर, मी शेलार. त्या फेब्रुवारीत घळीत त्यांच्यामागे होतो तो. त्या दिवशीची चूक माझी होती. त्यांनी स्वतःवर घेतली. तुम्हाला ते कळायला हवं."

त्यांनी कप खाली ठेवला. "मला माहीत आहे सगळं. त्याच वर्षी मार्चमध्ये घरी आला होता, तेव्हा बोलला. म्हणाला, डॅड, मीपण मागून मोजत होतो. सहाशे झाले तेव्हा मला कळलं की हा पुढे चाललाय. म्हटलं जरा जाऊ दे, स्वतःच्या चुकीला स्वतः भेटू दे, मग जन्मात विसरणार नाही. साठ मीटर हातात आहेत असं वाटलं मला. वीस होते." ते थांबले. "तीन रात्री झोपला नव्हता तो इथं."

मला काय वाटलं ते खरं सांगतो. आधी राग आला. संताप. अडीच वर्षं! अडीच वर्षं मी ते उरावर घेऊन हिंडलो, आणि म्यूरला सगळं माहीत होतं? मी म्हटलं, "मग त्यांनी मला सांगितलं का नाही?"

"त्यानं लिहून दिलं होतं," म्हातारा म्हणाला. "तुम्ही विश्वास ठेवला नाहीत."

त्याने मला वाचवायला खोटं लिहिलं असं मी धरून चाललो होतो. त्याने सरळ खरं लिहिलं होतं. आणि मग ती घळ नव्याने माझ्यापुढे उभी राहिली. जो दगड माझ्या छातीवर होता, तोच त्याच्याही छातीवर होता. खाली पुरलेला माणूस त्याच्याही हातून गेलेला होता. त्या दगडाने मी तिसऱ्या वळणाला कोसळलो. त्याने तो दगड घेऊन उड्या घेतल्या, दर वळणाला तेवढीच उंची, तेवढीच जागा, खांदे स्थिर. वर मला हाक मारली ती जेवायला बोलवल्यासारखी. त्याच्या स्कीइंगचं कौतुक मला होतंच. त्या हॉलमध्ये मला तो माणूस केवढा होता ते कळलं, आणि माझी मान खाली गेली.

गाडीत मी सेरूला सांगितलं. त्याने एकदा मोडलेला तो खांदा चोळला. मग म्हणाला, "म्हणजे मला ढकललं कुणी, हे अजून ठरायचंच आहे तर." आम्ही हसलो. इतके हसलो की मला गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी लागली. तिथे मग हसणं राहिलं नाही. सहा-सहा वर्षं नोकरी झालेले दोन जवान, काचा बंद करून, लहान पोरांसारखे रडलो.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणदिनाला, आम्ही परत गेलो. गावाच्या चौकात ग्रॅनाइटचा खांब आहे, जुन्या युद्धांत गेलेल्यांची नावं त्यावर. सगळ्यात खाली एक नवीन ओळ कोरली होती. सार्जंट आय. म्यूर. अक्षरं अजून पांढरी होती. ११०० वाजता बिगुल झाला आणि दोन मिनिटांची शांतता सुरू झाली. वारा पडला होता. वडील काठी टेकून उभे. मी सॅल्यूट धरला होता. सेरूने धरला नाही. तो खाली वाकला, त्या नावावर पंजा ठेवला आणि तसाच राहिला. चौकात कुणी हलत नव्हतं, आणि त्या शांततेत मला एकच गोष्ट ऐकू येत होती, शेजारी सेरूचा श्वास, आत, बाहेर, आत, बाहेर.